पटकन चढणाऱ्या टोप्या

आम्हा चौघांचा दंडकच होता, गोल्फ खेळायचा तर पातळ पात्याच्या काठीनं, म्हणजे ब्लेड क्लबनंच. मागून जाड, वाकडा फटकाही पोटात घालणारे ते दुसरे क्लब म्हणजे लहान मुलांच्या सायकलची जादा चाकं, असं मीच एकदा सगळ्यांना ऐकवलं होतं.

हल्ली मात्र वकील, बिल्डर आणि माझे साडू या तिघांचे चेंडू सुतासारखे सरळ जायला लागले. माझा जायचा तळ्यात. "सराव वाढवा, डॉक्टर," साडू खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तेव्हा डोक्यात तिडीकच गेली.

काल इकडेतिकडे बघत दुकानात शिरलो आणि ते जाड क्लब घेतले एकदाचे. निघताना दुकानदाराच्या कानाशी लागलो, "यांच्या डोक्यांवर घालायच्या टोप्या द्या. फटका मारला की पटकन चढतील अशा. हे क्लब माझ्या दोस्तांना दिसता कामा नयेत."



"टोप्या संपल्या हो, साहेब," तो म्हणाला, "तुमचे तिघंही दोस्त एकेकटे येऊन असेच क्लब आणि टोप्या घेऊन गेले."