मोठं तेवढं ने

"टेबल आधी," थोरली म्हणाली. "ते निघाल्याशिवाय कपाट हलायचं नाही."

टेंपोवाल्याने दाराची चौकट मोजली, मग टेबल मोजलं, मग खात्री नसल्यासारखी पुन्हा चौकट. दार तीन फुटी. कापायचं टेबल चार फूट रुंद आणि सात फूट लांब. "कुशीवर घेऊ, पाय आधी बाहेर काढू," तो म्हणाला. "पण बाई, गाडीत पहिलं कपाट चढणार. जड माल केबिनला टेकून बसला पाहिजे. मग टेबल. आरसा सगळ्यांत शेवटी."

"मग टेबल आणि आरसा काढून ठेवा फुटपाथवर. तोवर मी कपाट रिकामं करते."

तिच्या हातातल्या कागदावर तीनच ओळी होत्या. टेबल, कपाट, आरसा. शिवणाच्या दुकानातून धाकटी जाऊ आज बाहेर पडत होती, दोन गल्ल्या सोडून स्वतःचं दुकान थाटणार होती, आणि वाटणी थोरलीनेच करून टाकली होती. मोठं तेवढं तू ने, बारीकसारीक राहू दे. धाकटी चटकन "बरं ताई" म्हणाली, तेव्हा थोरलीला आतून गुदगुल्या झाल्या. लाकूड काय, कुठलाही सुतार ठोकून देईल. मशिनी, दोरे, बटणांच्या बरण्या आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाइकांच्या मापांची वही, दुकान म्हणतात ते याला. पोस्टातल्या बाईंपासून दवाखान्यातल्या नर्सपर्यंत अख्खा परिसर त्या वहीत इंचाइंचाने लिहिलेला होता.

खरं सांगायचं तर तिच्या पोटात दुखत होतं, आणि ते काही आजचं नव्हे. दुकान तिने उभं केलं. सकाळी कुलूप तीच काढायची, मशिनीला तेल तीच घालायची. धाकटी मागाहून आली, हसत, बोलत, वहीत न बघता कापत. आणि गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की थोरलीच्या खांद्यावरून मान उंच करून विचारायचं, "त्या नाहीत का?" त्या! म्हणजे ही काय राखण करायला बसली होती? त्या तीन शब्दांनी तिची झोप उडवली होती. आता बघू म्हणावं कोण कोणाला विचारतं.

हमालांनी टेबल कुशीवर घेतलं, पाय वळवले आणि चौकटीला न घासता बाहेर काढलं. मागोमाग आरसा गेला. धाकटीही निघाली, तशी थोरलीने तिच्या गळ्याकडे बोट केलं.

"ती टेप. दुकानाची आहे."

धाकटीने मान खाली केली तर तिच्या गळ्यात खरंच टेप होती. तिने ती काढली, नीट गुंडाळली आणि थोरलीच्या हातावर ठेवली. "लक्षातच आलं नाही ताई." आणि ती बाहेर जाऊन टेबलापाशी उभी राहिली.

कपाट रिकामं करायला पाच मिनिटं पुरली असती. थोरलीने पाऊण तास लावला. प्रत्येक खण बाहेर ओढून उलटा केला. तळाचा कागद उचलून त्याखाली बघितलं. फटीत अडकलेली एक टाचणी केसातल्या पिनेने उकरून काढली आणि बरणीत टाकली. तिचं काहीही, कणभरसुद्धा, त्या बाईच्या दुकानात जाता कामा नये. हमाल भिंतीला टेकून बसले. टेंपोवाल्याने दोनदा डोकावून पाहिलं.

"बाई, कपाट नुसतं न्यायचंय ना? की सोलून न्यायचंय?"

"तुमचं काम उचलायचं. मी सांगितलं की उचला."

शेवटी ठोकून बघायलाही काही उरलं नाही. "न्या आता," ती म्हणाली आणि हात झटकत कपाटामागून बाहेर आली. धाकटी रिकाम्या हातांनी टेंपोत चढताना तिला डोळे भरून बघायचं होतं.

फुटपाथवर टेबलावर हिरवं कापड पसरलं होतं. धाकटी वाकून त्याची घडी घालत होती. टेंपोवाल्याकडून मागून घेतलेल्या सुतळीला गाठी मारून तिने मापं घेतली होती. भिंतीला टेकवलेल्या आरशासमोर पोस्टातल्या बाई खांदे सरळ करून उभ्या होत्या. त्यांच्यामागे नर्स. नर्सच्या मागे आणखी दोघी, हातात पिशव्या, एकमेकींशी गप्पा मारत.

"अहो, इथे उन्हात कशाला?" थोरली पुढे झाली. आवाज गोड ठेवायचा तिने फार प्रयत्न केला. "आत या ना. तुमचं माप माझ्याकडे लिहिलेलं आहे."

"ते बाळंतपणाच्या आधीचं हो," पोस्टातल्या बाई आरशातून नजर न काढता म्हणाल्या. "यांनी बघताक्षणी ओळखलं. कमरेत दोन इंच सोडते म्हणाल्या." मग त्या धाकटीकडे वळल्या. "आणि घ्यायला कुठे येऊ?"

"दोन गल्ल्या सोडून. टेंपो चाललाय त्याच्या मागे मागे या," धाकटी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. टेंपोवालाही हसला.

गुंडाळलेली टेप थोरलीने मुठीत घट्ट आवळली. ती ना पुढे गेली ना आत. पिशव्यावाल्या त्या दोघींच्या मागे, जिथे पाय थबकले तिथेच उभी राहिली.

तेवढ्यात कोणी एक अनोळखी बाई घाईघाईने रस्ता ओलांडून आली. काखेत कापडाचा गठ्ठा होता. तिने टेबलाकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, आणि थोरलीच्या खांद्याला हलकेच हात लावला.

"शेवटच्या तुम्हीच ना?"