उघडून कोणी पाहिलं?

बायको गेल्याचा फोन आला तेव्हा मी समितीच्या बैठकीत होतो. शेजारीण म्हणाली, "भाऊ, वहिनींच्या मुठीत हृदयाच्या गोळ्यांची बाटली आहे, झाकण बंदच." मुलांना उघडता येऊ नये अशा त्या झाकणाचं मानक आम्ही समितीतल्या चार इंजिनिअरांनीच लिहिलं होतं. संधिवाताने तिची बोटं वाकली होती. "तुमचं झाकण उघडायला नवरा लागतो," ती चिडवायची. मी रोज ते सैल करून निघायचो. त्या दिवशी विसरलो. पुढच्या बैठकीला मी हट्टाने संधिवाताच्या डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांनी मानक वाचून विचारलं, "उघडून कोणी पाहिलं?" अध्यक्ष म्हणाले, "मुलांना जमलं नाही, आम्हा चौघांना जमलं." "धडधाकट हातांनाच! कोणाच्याच घरी दुखरी बोटं नव्हती?" "माझ्या घरी होती," मी म्हणालो. "इथे कधी बोललो नाही." वाकलेल्या बोटांसाठीची चाचणी अजून लिहायची आहे.