नववा दिवा

नववा दिवा काही केल्या विझेना.

शिवलीला सकाळपासून स्वतःच बसवलेल्या त्या डब्यापुढे बसली होती. डबा कसला, खांबावर ठोकलेली वीतभर पेटी. बाटल्यांच्या पट्ट्यालगत सोळा सेन्सर होते. त्या सोळांच्या वायरी या पेटीत यायच्या आणि पेटीतून एकच केबल पार कंट्रोल रूमच्या पडद्यापर्यंत जायची. सेन्सरच्या डोळ्यापुढे बाटली आली की त्याच्या नंबरचा हिरवा दिवा लागायचा, गेली की विझायचा. इतकं सरळ काम! तरी नववा आपला लागलेला तो लागलेलाच. पट्टा रिकामा होता, पण डबा ठाम सांगत होता की नवव्यापाशी बाटली उभी आहे. बघून बघून शिवलीलालाही ती दिसायला लागली. काचेचीसुद्धा नसलेली, नुसत्या उजेडाची बाटली.

आयुधपूजेनंतर होसकोट्यातला तो सरबताचा कारखाना आज तीन दिवसांनी उघडला होता. खांबाखांबाला बांधलेल्या केळी माना टाकून उभ्या होत्या. मशिनींवर हळदीकुंकवाची बोटं वाळली होती. पट्ट्याचा खडखडाट नसल्यामुळे पत्र्यावर चालणारी कबुतरं ऐकू येत होती. सगळी शेड अजून सणाच्या झोपेतच होती म्हणा ना.

मॅनेजर दयानंद मात्र टक्क जागे होते. "दोनला पट्टा सुरू झाला पाहिजे," ते कन्नडात म्हणाले. मग आवाज उतरवून, "तो हणमंतराव बघ. बावीस वर्षं पट्ट्याच्या कडेने चालायचं, बाटली अडली की शिट्टी मारायची, एवढंच त्याचं काम. तुझ्या डब्याने ते गेलं. त्यानेच काहीतरी केलं असणार. तसं निघालं तर सांग, आजच घरी पाठवतो."

हणमंतराव पट्ट्याच्या टोकाला पालथ्या क्रेटवर बसले होते. शिट्टी अजून गळ्यात होती. माणूस निपाणीकडचा, रिटायर व्हायला आठ महिने राहिलेला. शिवलीला बेळगावची. पहिल्या आठवड्यात तिला फोनवर आईशी मराठी बोलताना ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी हे डबाभर भडंग घेऊन हजर. तेव्हापासून ती त्यांना अण्णा म्हणायची.

तिने नववी वायर काढून दहाव्या घरात खोचली. आता दहावा दिवा लागून राहिला. म्हणजे डबा बिचारा खरंच बोलत होता, घोळ तिकडे पट्ट्यापाशी होता. हे आधी का नाही सुचलं, म्हणून स्वतःवरच चिडत ती उठली.

नववा सेन्सर पत्र्याच्या आत होता, भोकातून नुसता डोळा बाहेर. ती गुडघ्यांवर बसली आणि टॉर्च मारली. डोळा लालभडक. कुंकू चांगलं भिजवून, बोटभर जाड लावलेलं, वर अक्षतेचा एक दाणाही चिकटलेला. तिने वळून दयानंद जवळपास नाहीत ना ते बघितलं.

"अण्णा, इकडे या. हे तुम्ही लावलंत?"

हणमंतराव वाकून बघायला लागले. "व्हय की. पूजेदिवशी सगळ्यांना लावलो. बाकीच्यांचं डोस्कं हाताला लागतंय. हा आत जाऊन बसलाय, चकाकतंय तेवढंच दिसलं. म्हटलं, हेच कपाळ असंल." मग तिचा चेहरा बघून ते घाबरले. "काय चुकलं काय गं?"

"अण्णा, ह्यांच्यामुळे तुमचं काम गेलं. आणि त्यांनाच कुंकू लावत बसलात?"

"मग? त्यात त्याचा काय दोष? नवीन आलाय घरात. पहिल्याच सणाला तसाच ठेवू?"

शिवलीलाला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. तिने रुमाल काढून तो डोळा हलक्या हाताने पुसला. तिकडे खांबावरचा दिवा विझला.

तेवढ्यात दयानंद आलेच. "काय निघालं?"

तिने रुमाल मुठीत धरला. "काच घाण झाली होती, सर. इथे धूळ आहे, सरबत उडतं. सोळाही डोळे तासातासाला हाताने पुसायला पाहिजेत. नाहीतर रोज हेच होणार."

"रोज?"

"रोज. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत." आणि तिने डब्याचा ताबा देण्याच्या कागदावर ते लिहून टाकलं. पुसणाऱ्याचं नाव, हणमंतराव. कागद आणि पेन पुढे केलं.

दयानंदांनी कागद वाचला, तिच्या मुठीकडे बघितलं. मुठीतून रुमालाचं एक लाल टोक बाहेर आलं होतं. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले आणि सही केली.

दोनला पाच कमी असताना ती कंट्रोल रूममध्ये पडद्यापुढे उभी राहिली. सोळा दिवे ओळीने, सगळे विझलेले. मग पहिला लागला आणि विझला. दुसरा लागला, विझला. तिसरा.

"पट्टा तर बंद आहे ना अजून?" शेजारचा ऑपरेटर पुढे वाकून म्हणाला.

पडद्यावर दिवे एकामागून एक सावकाश चालले होते, आठवा झाला, नववा लागला, आणि तिथे जरा जास्तच वेळ थांबला.