यादीतला सगळ्यात महाग पदार्थ

बर्फानं भरलेलं चांदीसारखं भांडं आणि त्यात रुतवलेली काचेची एवढीशी डबी वेटरनं टेबलावर ठेवली. "सर, तुमचं कॅव्हिअर." बसप्पानं आधी उदयसिंहाकडं पाहिलं, मग डबीकडं.

उदयसिंह बार्शीचा सिमेंट विक्रेता, बसप्पा सोलापूरचा. कंपनीनं जिल्ह्यातल्या मोठ्या विक्रेत्यांना जोडीनं मुंबई-गोवा क्रूझची सहल दिली होती. राहणं फुकट, जेवण फुकट. त्यामुळंच बसप्पाला त्या जेवणाची किळस आली होती. दुपारी खालच्या हॉलमध्ये हे सगळे जण रांगेत उभे राहून एकाच ताटात इडली, नूडल्स आणि गुलाबजाम रचत होते. जन्मात अन्न पाहिलं नसावं तसे. उदयसिंह तर दहीभातासाठी तिसऱ्यांदा उठला. तेव्हा बसप्पानं भर हॉलमध्ये जाहीर केलं, की संध्याकाळी आपण वरच्या मजल्यावरच्या हॉटेलात पदरच्या पैशानं खाणार. ज्याला बघायचं असेल त्यानं यावं.

बघायला सगळे आले.

मेनूकार्ड इंग्रजीत होतं. बसप्पानं पदार्थांची नावं वाचलीच नाहीत. उजवीकडचे आकडे वाचले आणि सगळ्यात मोठ्या आकड्यावर बोट ठेवलं. शेजारी फोटो होता. काळे, चकचकीत दाणे, कारळ्यासारखे. विलायती बी असणार कसलं तरी. वेटर काही विचारायला वाकला, त्याला त्यानं हातानंच पिटाळलं.

"अहो, काय असतंय ते, विचारा तरी," शेजारी बसलेली दाक्षायणी, त्याची बायको, हळूच म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं? तू आपली कडक भाकरी चाव."

तिनं येताना पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेतली होती. त्यावरून सोलापूर ते मुंबई तिनं बोलणी खाल्ली होती. दाक्षायणी उलटून बोलणारी नव्हती. गेल्या दोन वर्षांत तिनं नवऱ्याकडं एकच गोष्ट मागितली होती. लेकीकडं जाऊ द्या.

लेकीनं, शिवलीलानं, कुंभारीच्या मल्हारशी लग्न केलं होतं. मल्हार शाळेत शिक्षक. सुपारीचंही व्यसन नाही, वागायला सरळ. पण त्याच्या घरी मटण शिजायचं. बसप्पाच्या घरात सात पिढ्यांत कुणी अंड्याला हात लावला नव्हता, आणि हे तो दुकानात गिऱ्हाइकालाही ऐकवायचा. "ज्या चुलीवर बकरं शिजतंय तितलं पाणीबी मला नको," त्यानं बायकोला बजावलं होतं, "आणि तू गेलीस तर तितंच ऱ्हा." पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. तेही त्यानं होऊ दिलं नाही. येत्या रविवारी नातीचं बारसं होतं. जहाजात चढताना दाक्षायणीनं पुन्हा एकदा विचारलं. त्यानं उत्तर द्यायची तसदीही घेतली नाही.

आता त्यानं चमचा उचलला आणि मान वळवून वेटरला खालच्या आवाजात विचारलं, "हे कसं खायचं?"

वेटर मालवणचा होता. त्याला मराठी बोलायला मिळाल्याचाच आनंद झाला. "तसंच, चमच्यानं साहेब. माशाची अंडी ना ती, दाताखाली फुटली की चव कळते."

चमचा अर्ध्यावर थांबला.

उदयसिंह मोबाईल उंच धरून समोर उभा होता. "का ओ शेठ, माशाला बघून घाम फुटला व्हय? ऱ्हाऊ द्या. खाली दहीभात हाय की अजून!"

सगळे खो खो हसले.

बसप्पानं त्या तोंडांवरून नजर फिरवली. दुपारी ताटं रचणारी हीच तोंडं. यांतल्या एकालाही तो आपल्या पायरीशी उभा करत नव्हता. त्यानं चमचा तोंडात घातला. दाणे फुटले. खारट, बुळबुळीत काहीतरी जिभेवर पसरलं. त्यानं ते गिळलं, कपाळावर आठी उमटू न देता.

"नवीन न्हाय आपल्याला," तो म्हणाला. "मुंबईला आलो की खातोच."

टाळ्या पडल्या. त्यानं कुणी न सांगता दुसरा चमचा भरला.

गर्दी पांगल्यावर त्यानं पाण्यानं तीनदा चूळ भरली आणि रुमालात तोंड लपवून म्हणाला, "सोलापुरात कुणाला कळता कामा नये."

"उदयसिंहांनी ग्रुपवर टाकलंय की," दाक्षायणी म्हणाली. "तुमचं बोलणंबी त्यात लख्ख ऐकू येतंय."

"चारचौघांत मान ऱ्हावा म्हणून खाल्लं मी!"

"व्हय. बघितलं की मी."

एवढं बोलून तिनं पर्समधून फोन काढला. किनारा जवळ होता, रेंज होती. लेकीला फोन करायचा तर ती एरवी गच्चीवर जायची. आज तिनं त्याच्यासमोर बसूनच नंबर लावला.

"ठेव तो फोन," तो दातओठ खात म्हणाला, पण पलीकडच्या टेबलावर कंपनीचा मॅनेजर बसला होता, त्यामुळं आवाज चढवता आला नाही. दाक्षायणीनं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

"शिवलीला, अव्वा बोलतीय गं. रविवारी बारशाला आमी दोघंबी येतोय. माझ्यापुरता वरणभात टाक. आप्पांसाठी वेगळं काय शिजवू नकोस."