खिशातलं चॉकलेट

मालिनीबाईंच्या नाकात बसवलेलं यंत्र आज पहिल्यांदा चालू झालं. एका तापात वास येणंच बंद झाल्यापासून त्यांना फोडणी करपलेलीही कळत नसे.

"आजी, एकेक वास सोडते, ओळखा," डॉक्टर तन्वी म्हणाली.

"भाजलेले दाणे. मध. शिजलेला कोबी. आणि हा... शी, घाम."

तन्वीने सगळे वास एकत्र सोडले.

"अगंबाई, चॉकलेट!"

"चॉकलेटला स्वतःचा असा एकच वास नसतो, आजी. हे सगळं मिळूनच ते होतं. नको असेल तो वास यंत्रातून कायमचा काढता येतो. घाम काढू? बहुतेक जण काढायला सांगतात."

मालिनीबाईंना आपले यजमान आठवले. ते शाळेत कवायतीचे मास्तर होते. मुलं आपल्या वाढदिवसाला चॉकलेट देत, मास्तर ते सदऱ्याच्या खिशात ठेवत आणि संध्याकाळी वितळलेलं घरी आणत. ते गेल्यावर सदरे धुऊन वाटून टाकले होते.

"राहू दे. उलट जरा वाढव."

तन्वीने वाढवला. मालिनीबाईंनी डोळे मिटून खोल श्वास घेतला.

"फार उपकार झाले गं, पोरी," त्या म्हणाल्या. मग डोळे मिटलेलेच ठेवून हळूच पुटपुटल्या, "आलात? आधी हातपाय धुऊन घ्या."