बिडाची मुलगी

दिवा बिडाचा. डोक्यावर तेलाचं भांडं पेललेली मुलगी. चेहरा ग्लाफिराचा, लग्नाआधीचा.

विहिरीवरचा बर्फ, पहाटेच कुणीतरी फोडलेला.

ग्लाफिराचं नाक, काल मोडलेलं.

"जिन्यावरून पडले."

"तुमच्या घराला जिना कुठाय, ताई?" देमिद म्हणाला.

तिनं भावाची बाही धरली. "आज ओतशाळेत जाऊ नकोस. माझी शपथ. माझ्या नवऱ्याला मारून सायबेरियात खडी फोडायला जाशील?"

"आणि तू मार खात बसशील?"

"आता नाही मारणार तो."

"कशावरून?"

"नाही मारणार."

देमिदनं बाही सोडवून घेतली.

कास्ली गावच्या ओतशाळेत साव्वाती आपल्या दिव्याच्या साच्यापाशी उभा होता. त्या साच्याला तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. भट्टीवाला त्याची लांब दांड्याची पळी वितळलेल्या बिडानं भरत होता.

"काय रे मेहुण्या? बहिणीनं रडगाणं गायलं वाटतं?"

देमिदचा ठोसा जबड्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज आला. साव्वाती आडवा झाला. दोन दात वाळूत पडले.

"हा नाकाचा, दाजी." मग बरगड्यांत लाथ. "आणि ही जिन्याची. उठा की!"

साव्वाती रक्त थुंकत साच्यापासून दूर सरपटला. देमिदनं खिशातला सुरा काढला.

"भांडणं नंतर करा रे!" भट्टीवाला ओरडला. "पळी भरलीय, बीड गोठतंय!"

देमिद थांबला. बारा वर्षांचा असल्यापासून तो इथं ओतारी होता. भरली पळी वाया गेलेली त्याला बघवत नसे. त्यानं सुरा दातांत धरला, पळी उचलली आणि साव्वातीच्या साच्यात बीड ओतलं.

साचा फुटला. वितळलेलं बीड छतापर्यंत उसळलं. देमिदचा चेहरा उरला नाही; तो जागीच मेला. लांब, जमिनीवर पडलेल्या साव्वातीची फक्त दाढी जळाली.

"साच्यात पाणी होतं," मुकादम म्हणाला. "नाहीतर असं उडत नाही."

दुपारी ग्लाफिरा खिडकीत उभी होती. चुलीवर दोघांपुरतं सूप होतं, तिच्यापुरतं आणि देमिदपुरतं. गल्लीतून जबडा बांधलेला साव्वाती चालत येताना दिसला. तिनं त्याच्या मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. मग ती किंचाळायला लागली.

पहाटे, ओतशाळेत कुणी नसताना, ग्लाफिरानं नवऱ्याच्या साच्यात घागरभर पाणी ओतलं होतं.