घरची डाक

"थैली घेतली, घोडा घेतला, वर पायातले बूटही काढून घेतले मेल्यांनी," डाकेचा स्वार ऑबेड म्हणाला आणि चिखलानं माखलेले उघडे पाय त्यानं शेकोटीकडे केले. "दात काढत होते, चिटणीससाहेब. म्हणाले, तुमचा जनरल बायकोला झकास पत्रं लिहितो, आमचा सलाम सांग."

एनॉक टिलसननं लेखणी टेबलावर आपटली. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या त्या हिवाळ्यात घरच्या डाकेची तिसरी थैली नदीवाटेवर इंग्रजांनी लुटली होती. सरकारी डाक घाटानं जायची, उशिरा का होईना फिलाडेल्फियाला पोचायची आणि वसाहतींच्या काँग्रेसच्या कचेरीत न फोडता कुजायची. बूट पाठवा, पीठ पाठवा, पोरं पायाला गोणपाट गुंडाळून पहारा देताहेत. सप्टेंबरपासून हेच चाललं होतं. उत्तर एकदाच आलं. काँग्रेसनं जनरल स्ट्रिकलंड यांच्या धैर्याबद्दल आभाराचा ठराव केला होता. ठराव पायात घालता येत नाही, हे त्या पोट सुटलेल्या सभासदांना कोण सांगणार?

"घरची पत्रंही घाटानं पाठवू, साहेब," तो जनरलला पुन्हा एकदा म्हणाला.

जोथम स्ट्रिकलंड सुजलेला गाल दाबून खिडकीशी उभा होता. दाढेनं म्हाताऱ्याला हैराण केलं होतं. "घाटानं फार दिवस जातात. घरची पत्रं नदीवाटेनंच जातील."

"जातात, पण पोचत नाहीत!"

"सांगितलं तेवढं कर."

एनॉक ऑक्टोबरात कामाला लागला होता. सरकारी पत्रं जनरल सांगे आणि तो लिही. बायकोची पत्रं मात्र म्हातारा दार लावून स्वतः लिही. तिचं उत्तर कधी आलं नव्हतं. थैल्या वाटेतच गायब होत असतील तर येणार कुठून?

फेब्रुवारीत अचानक बुटांच्या गाड्या छावणीत आल्या. पोरं वेड्यासारखी नाचली. गाड्यांबरोबर काँग्रेसचे बर्नाबास क्लॉपर आले, आणि त्यांच्या खिशात इंग्रजांच्या ताब्यातल्या न्यूयॉर्कात छापलेलं राजाचं वर्तमानपत्र होतं, घड्यांवर फाटायला आलेलं.

"'लाडके हिट्टी,'" क्लॉपरांनी वाचलं, "'काल पहाऱ्यावरच्या एका पोराचे पाय बर्फाला चिकटले. सोडवले तेव्हा कातडी तिथंच राहिली. फिलाडेल्फियात म्हणे रोज मेजवान्या झडतात.' बास! सबंध गावानं वाचलंय हे. बायका सभेच्या दारात ठाण मांडून बसल्या. माझ्या घरात चूल पेटेना!"

"म्हणून बूट आले होय?" एनॉकला राहवलं नाही. "आमची पत्रं फोडायला तुम्हाला सवड नाही, आणि शत्रूचं वर्तमानपत्र तोंडपाठ."

"जीभ आवर! थैल्या तू बांधल्यास, स्वार तू धाडलेस. तुझा मेहुणा न्यूयॉर्कात राजाच्या फौजेला घोडे विकतो. आणखी फितुरी कशाला म्हणायची?"

एनॉक जनरलकडे वळला. "वाट साहेबांनी ठरवलीय. सांगा ना, साहेब."

जनरलनं भिंतीकडे पाहिलं. "थैलीचं काम चिटणीसाकडे असतं," तो पुटपुटला.

एवढंच. चार महिने ज्याच्यासाठी बोटं झिजवली तो माणूस एवढंच बोलला.

"ठीक," एनॉक दात आवळून म्हणाला. "मी येण्याआधीही घरची पत्रं याच वाटेनं जात असणार. बाईंना विचारा. त्यांना ठाऊक असेल."

क्लॉपरांनी विचार केला. "बाईंनी तसं लिहून दिलं तर सुटलास. नाहीतर सोमवारी फास."

"मेहिटेबलला, माझ्या हिट्टीला, यात ओढायचं नाही!" जनरल एकदम गरजला. "तिला शांत राहू द्या!"

"इतकं जपता बायकोला?" क्लॉपर हसले. "जा रे पोरा. या ऑबेडला बरोबर घे. पळालास तर तुझ्याऐवजी याला लटकवीन."

एनॉक घोड्यावर खोगीर चढवत होता तेव्हा जनरल तबेल्यात आला. डोकं उघडं, अंगावर बर्फ.

"जाऊ नकोस, एनॉक. तुला फासावर जाऊ देणार नाही मी. काहीतरी मार्ग काढतो."

"तुम्ही भिंतीकडे बघा, साहेब," एनॉक म्हणाला आणि टाच मारली.

कनेटिकटच्या टेकड्यांतलं जनरलचं गाव हॅडवेल दोन दिवसांच्या वाटेवर होतं. ऑबेड सारखा नव्या बुटांना शिव्या घालत होता. "चावतात रे हे! पण काढवतही नाहीत. तुझ्या गळ्याच्या मोलानं मिळालेत ना, म्हणून जपून घालतोय."

"तोंड बंद ठेव, ऑबेड."

एनॉक मनातल्या मनात बाईंशी बोलत होता. तुमचा नवरा भेकड आहे, हे सांगायचं की नाही? सांगायचंच. एका निरपराध माणसाला लटकू देतो आणि वर हिट्टी, हिट्टी करत कागद भिजवतो. निदान त्या तरी खरं बोलतील.

गावात शिरताच पहिल्या अंगणात एक दणकट बाई कढईत साबण ढवळत होती.

"बाई, जनरल स्ट्रिकलंडांचं घर कुठलं?"

"ते पलीकडचं. पण तिथं कुणी नसतं. तुम्ही कोण?"

"त्यांचा चिटणीस. मेहिटेबलबाईंना भेटायचंय, फार निकडीचं आहे. जनरल त्यांना पत्रं धाडतात, त्याबद्दल विचारायचंय."

बाईचा ढवळणारा हात थांबला. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा ऑबेडकडे.

"पत्रं? मेहिटेबलला? अरे बाबा, लढाई सुरू झाली त्याच वर्षी ती देवीच्या साथीत गेली. जोथमनं एकट्यानं खड्डा खणला, आम्हाला कुणाला फावड्याला हात लावू दिला नाही."

एनॉकची नजर ऑबेडच्या नव्या बुटांवर गेली: ती पत्रं बायकोसाठी नव्हतीच, इंग्रजांनी लुटून छापावीत म्हणूनच नदीवाटेनं जात होती.